पाठवलं म्हणजे पोचलं, असं नसतं

पुणे-सातारा महामार्गालगतच्या शिवरे गावातली अंगणवाडी डोळ्यांसमोर आणा. वजनकाट्यावर दोन वर्षांचं मूल हातपाय झाडतंय, काटा ठरत नाही आणि सेविकाताईंच्या एका हातात मोबाइल. केंद्र सरकारचं ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप २०२१च्या मार्चमध्ये आलं आणि वजन-उंचीची नोंद त्यात होऊ लागली. घाईत ९.२ किलोऐवजी ९२ पडलं, तर त्याच क्षणी पडद्यावर लाल अक्षरं उमटायला हवीत. ही ॲपमधली सूचना. ॲप उघडं असतं, माणूस त्याच कामात असतो. असली चूक फोन स्वतःच पकडू शकतो, त्याला रेंजही लागत नाही.

आता दुसरा प्रसंग. उद्याची बैठक दुपारऐवजी सकाळी ठरली. ताई घरी पोचल्यात, ॲप बंद आहे. इथे लागते ‘पुश’ सूचना आणि तिचा प्रवास लांबचा. प्रत्येक ॲपने आपापल्या कार्यालयाशी सतत संपर्क ठेवला, तर बॅटरी दुपारपर्यंत संपेल. म्हणून अँड्रॉइड फोन गुगलच्या यंत्रणेशी एकच जोडणी जागी ठेवतो, आयफोन ॲपलच्या. गावात सगळ्या कार्यालयांची पत्रं एकच पोस्टमन आणतो, तसंच हे. पत्त्याच्या जागी प्रत्येक फोनवरच्या प्रत्येक ॲपला एक सांकेतिक ओळख मिळते. ॲपलने ही सोय २००९ मध्ये सुरू केली, गुगलने २०१० मध्ये. मजकूर जेमतेम चार किलोबाइटचा.

पण हा पोस्टमन वेळेची हमी देत नाही, आणि नेमकं हेच कार्यालयं विसरतात. फोन बंद असला किंवा डोंगराआड रेंज गेली, तर गुगल निरोप जास्तीत जास्त चार आठवडे सांभाळतं, मग टाकून देतं. २०१५च्या अँड्रॉइड ६ पासून बराच वेळ पडून असलेला फोन झोपी जातो. तातडीचा शिक्का नसलेले निरोप तोवर खोळंबतात. २०२२च्या अँड्रॉइड १३ पासून तर ॲपला आधी परवानगी मागावी लागते. तिथे ‘नको’ दाबलं की सूचना दिसतच नाही. आलेली सूचनाही बोटाच्या एका फटकाऱ्यात पुसली जाते. अशा वेळी ‘मेसेज टाकला होता’ म्हणून कर्मचाऱ्याला जाब विचारणं मला सरळ अन्याय वाटतो.

अडचण फक्त निरोपांची नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन निकृष्ट आहेत, ॲप इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती. साधन हातात देणारा आणि ते वापरणारा यांच्यातलं अंतर त्यातून दिसलं.

कामाचं ॲप बनवणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे. प्रत्येक निरोप ॲपच्या आत, तारखेसह, मराठीत जपून ठेवा. घंटी फक्त थांबू न शकणाऱ्या कामासाठी वाजवा. बंद पडद्यावर मुलाचं नाव आणि वजन दिसू देऊ नका. आणि बैठक उद्या सकाळीच असेल, तर ताईंना सरळ फोन करा.