मांडवाचा कडेचा खांब आणि ताणतारेचा हिशेब

द्राक्षबागेच्या मांडवाचा सर्व भार तारांवर असतो व तारांची सर्व ओढ अखेर कडेच्या खांबांवर येते. मधल्या खांबास दोन्ही बाजूंनी सारखीच ओढ बसत असल्याने तो सहसा ढळत नाही. कडेच्या खांबास मात्र एकाच बाजूची ओढ असते. हा खांब आतल्या बाजूस कलला की तारा सैल होतात, मांडव झोळतो आणि घड पक्व होण्याच्या ऐन वेळी सर्व ओळ भुईवर येण्याचा धोका उत्पन्न होतो. नाशिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतील बागायतदारांस हा धोका अपरिचित नाही. तो टाळण्यासाठी खांबास बागेच्या बाहेरच्या बाजूने ताणतार देतात व तिचे टोक जमिनीत पुरलेल्या दगडास बांधतात. ही तार कोठे बांधावी व दगड किती अंतरावर पुरावा, हे साध्या गणिताने ठरविता येते.

धोंडा उलथविताना पहार टेकूपासून जितकी लांब धरावी तितके कमी बळ लागते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. फिरविण्याचा जोर केवळ बळावर नव्हे, तर बळ गुणिले टेकूपासूनचे अंतर यावर अवलंबून असतो. या गुणाकारास शास्त्रात परिबल असे म्हणतात. हे अंतर बळाच्या रेषेशी काटकोनात, म्हणजेच सर्वांत जवळचे, मोजावयाचे असते.

कोणतीही वस्तू स्थिर राहावयाची तर तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. डावीकडील ओढ उजवीकडील ओढीइतकी असावी. वर उचलणारे बळ खाली दाबणाऱ्या बळाइतके असावे. आणि एका दिशेस फिरविणारे परिबल उलट दिशेच्या परिबलाइतके असावे. हिशेब करताना खांबाचा बुंधा हाच टेकू मानावा. बुंध्याशी जमीन जे बळ लावते, त्याचे त्या बिंदूपासून अंतर शून्य असल्याने ते हिशेबातून आपोआप गळते व ताणतारेची ओढ तेवढी शोधावयाची उरते.

उदाहरणादाखल, खांबाची जमिनीवरील उंची २ मीटर व शेंड्याशी बांधलेल्या तारांची एकूण ओढ ३०० किलो धरू. ३०० किलो ओढ म्हणजे तेवढे वजन टांगल्याने तारेस बसणारी ओढ होय. खांब आत पाडणारे परिबल ३०० गुणिले २, म्हणजे ६०० झाले. ताणतारेने उलट दिशेस तितकेच परिबल दिले पाहिजे.

पहिल्या प्रकारात ताणतार शेंड्यास बांधली व दगड बुंध्यापासून २ मीटरवर पुरला. बुंध्यापासून तारेचे काटकोनातील अंतर १.४१ मीटर येते. ६०० भागिले १.४१, म्हणजे तारेवर सुमारे ४२५ किलो ओढ येते. दगडास वर उपटणारे बळ ३०० किलो असते.

दुसऱ्या प्रकारात जागा वाचविण्यासाठी दगड १ मीटरवरच पुरला. काटकोनातील अंतर ०.८९ मीटर होते व तारेची ओढ सुमारे ६७० किलोवर जाते. दगडास उपटणारे बळ दुप्पट, म्हणजे ६०० किलो होते. खांबही तेवढ्याच बळाने जमिनीत दाबला जातो.

तिसऱ्या प्रकारात तार खांबाच्या मध्यावर, १ मीटर उंचीवर बांधली व दगड १ मीटरवर ठेवला. तारेचा तिरपेपणा पहिल्या प्रकाराइतकाच दिसतो. परंतु काटकोनातील अंतर ०.७१ मीटर एवढेच राहते व ओढ सुमारे ८५० किलो होते. शिवाय खांबाचा वरचा अर्धा भाग वाकू लागतो व बुंधा बाहेरच्या बाजूस सरकू पाहतो. केवळ तिरपेपणा पाहून समाधान मानू नये, ते याच कारणाने.

आता दगडाचा विचार करू. दबवून भरलेल्या मातीचे वजन दर घनमीटरास सुमारे दीड टन धरता येते. ६० सेंटिमीटर लांबरुंद दगडावर ९० सेंटिमीटर माती असेल, तर त्या मातीचे वजन सुमारे ४८५ किलो भरते. पहिल्या प्रकारातील ३०० किलो उपटीस ते पुरेसे आहे. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांतील ६०० किलोंस पुरत नाही. कोरड्या मातीची खड्ड्याच्या भिंतीशी असलेली पकड काही काळ तग धरते. पण अवकाळी पावसाने माती भिजली की ती पकड ढिली पडते व दगड वर सरकतो. बाग घडांनी लदलेली असतानाच खांब कलतात, याचे एक कारण हे आहे.

शेतावर हिशेब करण्यास त्रिकोणमितीची आवश्यकता नाही. सुतळीचे एक टोक बुंध्याशी धरावे, दुसरे ताणतारेपर्यंत न्यावे व गुण्या लावून काटकोन साधावा. सुतळीची ती लांबी मीटरमध्ये मोजून तिने परिबलास भागावे; तारेची ओढ मिळते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे मोजमाप एखाद्या बागेत प्रत्यक्ष करून दाखविल्यास शेतकऱ्यांस ते सहज पटेल.

सारांश, ताणतार शक्य तितकी शेंड्याजवळ बांधावी व दगड निदान खांबाच्या उंचीइतक्या अंतरावर खोल पुरावा. खड्डा थराथराने दबवून भरावा. प्रथम ताणतार बसवावी, नंतरच मांडवाच्या तारा ओढाव्यात. भरल्या मांडवाची ताणतार बदलावयाची झाल्यास आधी खांबास आतून भक्कम धिरा द्यावा व मगच जुनी तार सोडावी. बांधावरची दोन हात जागा वाचविण्याच्या लोभाने वर्षाचे पीक धोक्यात घालणे हिताचे नव्हे.