बाण कुठी गेले?

मूर्तिजापुरात लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा करणाऱ्याला एक वाक्य हमखास ऐकावं लागायचं : "भाऊ, सारं लगन एकाच शिडीत बसव. दोन शिड्या कायले?" शिडी म्हणजे सीडी-डीव्हीडीची तबकडी. नवरीचे वडील असोत की नवरदेवाचा मामा, हिशेब तोच. हळदीपासून बिदाईपर्यंत तीन तासांचं काम आणि डीव्हीडीची जागा 4.7 जीबी. बसतं, नाही असं नाही. पण तासाभराचंच काम भरलं तर चित्राच्या वाट्याला सेकंदाला आठ-नऊ मेगाबिट येतात, आणि तीन तास कोंबले की जेमतेम साडेतीन. नवरा-नवरी खुर्चीवर बसलेली आहेत तोवर कोणाला काही कळत नाही. शेवटचं 'सावधान' झालं आणि चहूबाजूंनी अक्षता पडल्या की खरी परीक्षा. कॉम्प्रेशनची सारी युक्ती एकाच गोष्टीवर चालते : आधीच्या फ्रेममधलं जे बदललं नाही, ते पुन्हा लिहायचं नाही. इथे तांदूळ, फुलं, हात, पदर सगळंच हललेलं. लिहायला जागा पुरत नाही, आणि ज्या क्षणासाठी मांडव घातला त्याच क्षणी नवरीच्या तोंडाचे चौकोन होतात.

2006 साली हाय डेफिनिशन सिनेमाच्या तबकड्या बाजारात आल्या, तेव्हा मोठमोठ्या कंपन्याही याच दोन शिड्यांच्या हिशेबात अडकल्या. एप्रिलमध्ये तोशिबाची एचडी डीव्हीडी आली, जूनमध्ये सोनीच्या गोटाची ब्लू-रे. दोन्हींमध्ये निळसर-जांभळा लेझर. डीव्हीडीच्या तांबड्या लेझरची तरंगलांबी 650 नॅनोमीटर, याची 405. किरण बारीक झाला म्हणून खुणा बारीक करता आल्या आणि तेवढ्याच तबकडीत कितीतरी पट माल मावू लागला. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं, नवं 1920 बाय 1080.

कागदावर सगळं छान. पण सोनीच्या पहिल्या तबकड्या एकपदरी, 25 जीबीच्या. त्यात चित्र दाबायला वापरलं एमपेग-2, म्हणजे डीव्हीडीचंच जुनं तंत्र. वर आवाज न दाबता भरलेला. सहा चॅनेलचा तसा आवाज एकटाच सेकंदाला साडेचार मेगाबिटच्या वर खातो. तिकडे एचडी डीव्हीडीवाले दोन पदरांत 30 जीबी देत होते आणि व्हीसी-1 नावाचं नवं, काटकसरी कॉम्प्रेशन वापरत होते. त्यामुळे सुरुवातीचे काही महिने समीक्षकांना तोशिबाकडचंच चित्र जास्त आवडलं. पुढे ब्लू-रेच्या 50 जीबीच्या दुपदरी तबकड्या आल्या, त्यांच्याकडेही नवं कॉम्प्रेशन आलं आणि फरक मिटला. फेब्रुवारी 2008 मध्ये तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळली. हे भांडण त्या वेळी फार गाजलं, पण माझ्या मते खरी गोम तिथे नव्हतीच.

गोम होती मास्टरमध्ये. म्हणजे फिल्मवरून एकदा स्कॅन करून ठेवलेल्या, ज्यावरून पुढच्या साऱ्या प्रती निघतात त्या मूळ प्रतीत. ब्लू-रेच्या पहिल्याच खेपेत 'द फिफ्थ एलिमेंट' होता, रंगांनी नुसता खच्चून भरलेला सिनेमा. डीव्हीडीत खपून गेलेली धूळ, ठिपके, मऊपणा ब्लू-रेवर उघडे पडले. सोनीने 2007 मध्ये त्याची नवी आवृत्ती काढली आणि आधी घेतलेल्यांना तबकडी बदलून दिली. चष्म्याचा नंबर बरोबर निघाला आणि भिंतीचे पोपडे दिसू लागले, अशातली गत.

याचा उलटा प्रकार मी घरीच पाहिला. पुण्यात नोकरीला असलेला पुतण्या दिवाळीत ब्लू-रे प्लेअर आणि 'ग्लॅडिएटर'ची 2009 ची तबकडी घेऊन आला. लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून आम्ही बसलो. सुरुवातीची लढाई त्याला डीव्हीडीवरून तोंडपाठ. आगीचे बाण सुटले आणि तो उठून टीव्हीपाशीच गेला. "काकाजी, पा ना, बाण कुठी गेले?" खरंच, आभाळातले काही बाण मध्येच नाहीसे होत होते.

हे भूत नव्हे, सॉफ्टवेअर. फिल्मवरचे डाग काढणारा प्रोग्राम लागोपाठच्या फ्रेम ताडून पाहतो. एखादी बारीक वस्तू एकाच फ्रेममध्ये आहे, मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये त्या जागी नाही, तर तो तिला कचरा समजतो. धूळ अशीच असते. वेगाने जाणारा बाणही अगदी असाच असतो. माणसाने डोळ्याखालून घातलं तर चूक सापडते. घातलं नाही तर रोमन फौज बिनबाणांची लढते. 2010 मध्ये नव्या मास्टरवरून तबकडी काढली, तेव्हा बाण परत आले.

बाणांची निदान चर्चा तरी झाली. चेहऱ्यांचं नुकसान जास्त मोठं आणि गुपचूप झालं. फिल्मवरचं चित्र चांदीच्या क्षारांच्या सूक्ष्म कणांपासून तयार होतं, आणि त्याची हलकी वळवळ पडद्यावर असतेच; तिला आम्ही ग्रेन म्हणतो. डीव्हीडीत ती फारशी दिसायची नाही. हाय डेफिनिशनमध्ये दिसली आणि हजार रुपयांच्या घरात पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं, चित्रात मुंग्या आहेत. मग अनेक कंपन्यांनी ग्रेन पुसायला सुरुवात केली. ग्रेनबरोबर कातडीवरची छिद्रं, दाढीचे खुंट, कापडाची वीण हेही पुसलं जातं. 2010 ची 'प्रेडेटर'ची तबकडी पाहा : घामाघूम सैनिक फेशियल करून आल्यागत दिसतात. एवढं गुळगुळीत केल्यावर चित्र मऊ पडतं, म्हणून वर शार्पनेस चढवायचा. त्याने माणसाच्या कडेला पांढरी रेघ उमटते. आमच्या धंद्यातले एडिटर याच बटणावर जीव टाकून असतात, त्यामुळे ती रेघ मी रस्त्याच्या पलीकडून ओळखतो.

आपल्याकडे हा सारा खेळ फार कमी घरांपर्यंत आला. 2007 मध्ये मोझर बेअरने सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली. त्यापुढे ब्लू-रे कोण घेणार? व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288, डीव्हीडीच्या चौथ्या हिश्शाएवढंही नाही. पण 21 इंची डब्बा टीव्हीवर ते चालून जायचं, कारण तो टीव्हीच सगळं थोडं मऊ करून दाखवायचा. घरोघरी एलसीडी आले आणि लोक मला विचारू लागले, "नवा टीव्ही घेतला अन् चित्र काहून बिघडलं?" टीव्हीचा दोष नव्हता, तबकडीत होतं तेवढंच तो दाखवत होता.

मला हळहळ वाटते ती आपल्या सिनेमांची. राजदत्तांचा 1977 चा 'देवकीनंदन गोपाळा' घ्या. डॉ. श्रीराम लागूंनी गाडगेबाबा केलेत. बाबांचं बालपण आमच्याच तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाकडे गेलं, म्हणून इथे त्या सिनेमाला घरचा मान. आम्ही तो पाहिला घासलेल्या प्रतीवरून काढलेल्या, तीनशेही ओळी नसलेल्या चित्रात. बाबांची ती चिंध्यांची गोधडी त्यात एक मळकट डाग होऊन बसते. 35 मिलिमीटरच्या चांगल्या निगेटिव्हमध्ये चिंधीन् चिंधी सुटी दिसण्याइतका तपशील मावतो. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत सुमारे 2,200 चित्रपट नीट करायला 363 कोटी रुपये ठेवल्याचं 2022 मध्ये जाहीर झालं; पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात ते काम चालतं. गाडगेबाबांचा नंबर लागला तर मशीनवर बसणाऱ्याला माझं एवढंच सांगणं : धूळ काढा, ओरखडे काढा, पण ग्रेनला हात लावू नका, आणि प्रोग्राम चालवून झाल्यावर एकदा आपल्या डोळ्यांनी सगळा सिनेमा पाहा. बाबांच्या हातात खराटा आहे. त्याच्या काड्या मोजून घ्या.