माकडांच्या टोळीतील ताण

घोरावाडी स्टेशनावर लोणावळ्याची लोकल धरावी, मळवलीस उतरावे आणि कार्ल्याच्या पायऱ्या चढू लागावे, की वाटेत माकडांची टोळी भेटते. एकदा तेथे टोळी स्वस्थ बसली होती. एक माकडीण दुसरीच्या अंगावरील केस विसकटून काहीतरी वेचीत होती. इतक्यात कोणा यात्रेकरूने केळ्यांचा घड पुढे टाकला. क्षणात दात विचकले गेले, किंकाळ्या उठल्या आणि एक रोडके माकड हातचे केळे टाकून कड्यावर पळाले. रानात पाने, फळे, किडे वेचताना टोळी पांगलेली असते. अन्न एके ठिकाणी पडले की झोंबाझोंबी ठरलेलीच.

त्या पळालेल्या माकडाच्या शरीरात काय घडले असेल? भीती वाटताच मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथींतून विशिष्ट रस रक्तात उतरतात. हृदय जोराने धडधडते, रक्तातील साखर वाढते, पचन मंदावते. जीव वाचविण्यास हे उपयोगीच आहे. परंतु हीच अवस्था रोजची झाली, तर शरीर झिजू लागते. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की दीर्घ त्रासाने या ग्रंथी सुजतात व जठरात व्रण पडतात.

टोळीत मानाची उतरंड असते आणि खालच्याला वरच्याचा धाक सोसावा लागतो. रॉबर्ट सापोल्स्की यांनी १९७८ पासून केनियातील बबून माकडांचा अभ्यास केला. फुंकनळीने भुलीचा बाण मारून ते त्यांचे रक्त तपासीत. (धीराचे काम खरे!) उतरंड स्थिर असता खालच्या नरांच्या रक्तात ताणाचा रस अधिक आढळे. ज्यांना अंग साफ करणारे सोबती होते, त्यांना मात्र तो कमी जाचे.

पुढे, १९८० नंतरच्या काही वर्षांत, एक विलक्षण गोष्ट घडली. प्रवाशांच्या एका निवासाच्या उकिरड्यावर क्षयाने दूषित झालेले मांस पडले. तेथे शेजारच्या टोळीशी झुंजून खाण्यास जाणारे दांडगे नर तेवढे मेले. सौम्य नर व माद्या उरल्या. भांडणे कमी झाली, परस्परांचे अंग साफ करणे वाढले आणि खालच्या नरांच्या शरीरातील ताणाच्या खुणाही दिसेनाशा झाल्या. बबूनचे नर वयात आल्यावर परक्या टोळीत जातात. त्यामुळे दहा वर्षांनी त्या टोळीत जुन्यांपैकी एकही नर उरला नव्हता. तरी बाहेरून आलेले नवे नर तीच सौम्य रीत पाळीत होते.