भिंग नको, पेशीच मोठी करा!

साध्या सूक्ष्मदर्शकात साधारण २५० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन ठिपके एकच दिसतात, भिंग कितीही भारी घ्या. ही मर्यादा ओलांडणाऱ्या तंत्रांना २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ती यंत्रं परवडायची कुणाला?

२०१५ मध्ये एमआयटीतल्या फेई चेन, पॉल टिलबर्ग आणि एड बॉयडन यांनी प्रश्नच उलटा केला: नमुनाच फुगवायचा! त्यासाठी वापरलं सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट. हो, बाळांच्या डायपरमध्ये असतं तेच! प्रथिनांना चमकणाऱ्या खुणा लावायच्या, त्या नमुन्यात तयार केलेल्या याच पदार्थाच्या जेलच्या जाळीला पक्क्या बांधायच्या, विकराने प्रथिनं कातरायची आणि वर शुद्ध पाणी ओतायचं. जेल भिजवलेल्या साबुदाण्यासारखं फुगतं, प्रत्येक दिशेला सुमारे साडेचार पट. खुणाही त्याच प्रमाणात एकमेकींपासून लांब जातात, म्हणून नकाशा बिघडत नाही. मला यातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. मग नेहमीच्याच सूक्ष्मदर्शकातून सुमारे ७० नॅनोमीटरचा तपशील सुटा दिसतो.

जिवंत पेशीवर अर्थातच हे चालत नाही. पण उंदराच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातले सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधले सांधे, त्यांनी पहिल्याच शोधनिबंधात असे उलगडून दाखवले. चित्रं जरूर शोधून बघा.