तापित वस्त्रे, विद्युत्
विद्युत् प्रवाहाने ऊब देणारी वस्त्रे. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) अतिउंचीवरील वैमानिक ती वापरीत. मोटारसायकलस्वारासाठी असे जाकीट घरीही करता येते. शरीराचा गाभा थंडावला की बोटांकडील रक्तप्रवाह घटून ब्रेक व क्लच यांवरील ताबा ढळतो. म्हणून प्रथम छाती व पाठ तापवितात. जाकिटाच्या अस्तरात निरोधक आवरण असलेली रोध तार नागमोडी शिवतात. एंजिन चालू असता विद्युत् दाब सु. १४ व्होल्ट असतो. एकूण रोध ३·५ ओहम ठेवल्यास ४ अँपिअर प्रवाह वाहून ५६ वॉट उष्णता मिळते. जनित्राची शिल्लक क्षमता याहून अधिक हवी, अन्यथा घटमाला रिती होते. घटमालेलगत ५ अँपिअरची वितळतार आवश्यक असते. सु. ४४° से. तापमानाच्या दीर्घ स्पर्शानेही त्वचा भाजते. त्यामुळे जाकीट आतील कपड्यावरच घालतात.