३.४ सॉक्रेटिस : कायद्याचे पालन आणि सदसद्विवेक

विश्व कशाचे बनले आहे, या प्रश्नाचा शोध घेणारे थेलिस, हेराक्लिटस आदी तत्त्वज्ञ आपण मागील भागात अभ्यासले. सॉक्रेटिसने या विचाराला वेगळे वळण दिले. माणसाने कसे जगावे, हा त्याचा मुख्य प्रश्न होता. या भागात आपण त्याच्या जीवनातील एका कठीण निर्णयाच्या आधारे त्याचा नीतिविचार समजून घेणार आहोत.

३.४.१ जीवन व पद्धती

सॉक्रेटिसचा जन्म इ.स.पू. ४७० च्या सुमारास अथेन्समध्ये झाला. त्याची आई सुईण होती. आपणही आईचाच व्यवसाय करतो, फक्त दुसऱ्याच्या मनातील विचार जन्माला यावेत म्हणून साहाय्य करतो, असे तो म्हणत असल्याचे प्लेटोने लिहिले आहे. त्याने स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. त्याची माहिती मुख्यतः प्लेटो व झेनोफन या शिष्यांच्या लेखनातून मिळते. शौर्य म्हणजे काय, धर्मनिष्ठा म्हणजे काय, असे प्रश्न तो विचारी आणि मिळालेल्या उत्तरांतील विसंगती दाखवून देई. त्यामुळे तरुण त्याच्याकडे ओढले गेले, तर अनेक प्रतिष्ठित दुखावले गेले.

३.४.२ खटला

इ.स.पू. ३९९ मध्ये त्याच्यावर खटला भरला गेला. नगराचे देव न मानणे, नवी दैवते आणणे आणि तरुणांना बिघडवणे हे आरोप होते. तत्त्वचिंतन सोडण्याच्या अटीवर सुटका होणार असेल, तर ती अट आपण पाळणार नाही, असे त्याने न्यायसभेला स्पष्ट सांगितल्याचे प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’ या ग्रंथात आढळते. त्याला मृत्युदंड झाला. पुढे तुरुंगात क्रिटो या मित्राने पलायनाची सर्व सिद्धता केली, तेव्हा मात्र त्याने नकार दिला. आयुष्यभर या नगराच्या कायद्यांचा लाभ घेतला. ते मान्य नव्हते तर नगर सोडण्याची मोकळीक होती. आता निकाल विरुद्ध गेला म्हणून ते मोडणे योग्य नव्हे, असा त्याचा युक्तिवाद होता.

३.४.३ विसंगती की संगती?

येथे तुम्हाला प्रश्न पडेल : न्यायसभेची संभाव्य अट मोडण्यास तयार असलेला सॉक्रेटिस तिचाच अन्याय्य निकाल का स्वीकारतो?

उत्तरासाठी त्याचे मूळ तत्त्व लक्षात घ्या. अन्याय सोसणे आणि अन्याय करणे यांत करणे हेच अधिक वाईट. अन्यायाची परतफेडही अन्यायाने करू नये. त्याच्या पूर्वायुष्यातील दोन घटना हेच दर्शवतात. इ.स.पू. ४०६ मध्ये सेनापतींवर एकत्रित खटला चालवणे बेकायदा आहे म्हणून त्याने क्षुब्ध लोकसभेला विरोध केला. पुढे तीस हुकूमशहांनी सॅलमिसच्या लिऑनला पकडून आणण्याची आज्ञा दिली, तेव्हा इतर चौघे गेले. सॉक्रेटिस सरळ घरी परतला. या प्रसंगांत त्याला अन्याय ‘करण्यास’ सांगितले जात होते. तुरुंगात मात्र त्याला अन्याय केवळ ‘सोसावयाचा’ होता. पळून जाणे म्हणजे कायद्यांचा घात करणे, असे तो मानत होता.

तथापि, हे उत्तर सर्वांनाच पूर्ण समाधानकारक वाटत नाही. कारण ‘क्रिटो’मधील कायदे, पटवून द्या अथवा पाळा, असे दोनच पर्याय ठेवतात. मग लिऑनच्या प्रसंगीची अवज्ञा कोठे बसवावी? पटवणे अशक्य असताना कायदा मोडावा, पण त्याची शिक्षा उघडपणे स्वीकारावी, असा मार्ग पुढील काळात अनेकांनी चोखाळला. महात्मा गांधींनी १९०८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या काळात ‘अपॉलॉजी’चा गुजराती सारांश प्रसिद्ध केला, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. सॉक्रेटिसची प्रश्नोत्तर पद्धती थोडक्यात स्पष्ट करा.
२. पलायनास नकार देताना सॉक्रेटिसने कोणती कारणे दिली?
३. ‘अन्याय करणे’ आणि ‘अन्याय सोसणे’ या भेदाने वरील विसंगती सुटते का? स्वतःचे मत सकारण लिहा.