टोळी ठरवणार कोण?

दुकानांतून, मॉलमधून संगनमताने माल लांबवणाऱ्यांना शिक्षा झालीच पाहिजे. त्याबद्दल वाद नाही. सवाल कायद्याच्या भाषेचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ११२ किरकोळ संघटित गुन्ह्यांसाठी आहे. टोळीने केलेली दुकानातील उचलेगिरी त्यातच येते. शिक्षा किमान १ वर्ष, कमाल ७ वर्षे.

याच संहितेचे कलम ३०३ मात्र ५००० रुपयांहून कमी किमतीच्या पहिल्याच चोरीला, माल किंवा किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा सांगते. म्हणजे साबणाची वडी उचलणारा समाजसेवा करील की तुरुंगात जाईल, हे 'टोळी' या एका शब्दावर ठरणार! आणि या शब्दाची व्याख्या संहितेत नाही.

कायदा व्याख्या करीत नाही, तेव्हा ती पोलीस ठाण्यात होते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच टोळी ठरवले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, संशय मात्र कायम राहिला.

शासनाने 'टोळी'ची व्याख्या करावी. तोवर आपल्या वकिलांनी हे कलम दिसताच न्यायालयात विचारावे, संगनमताचा पुरावा कुठे आहे? जात हा पुरावा नव्हे.